गोळीच्या आधी

“हलू नको,” मागून बाबा म्हणाले.

“मी कुठे हलून राहिली?”

“उजवा पाय.”

मी खाली पाहिलं. अंगणात पाटावर बसून मी तांदूळ निवडत होते. उजवा पाय जिथे होता तिथेच होता. निदान मला तरी तसं वाटलं. मी पुन्हा सुपात मान घातली.

बाबा माझ्या पाठीमागे ओट्यावर बसले होते. पुढ्यात जुना पंचा अंथरलेला, त्यावर शिलाई मशीनच्या तेलाची कुपी, दात घासायचा एक झिजका ब्रश, आणि हातात पिस्तूल. जिल्ह्याच्या स्पर्धा जवळ आल्या की दरवर्षी ही पूजा मांडली जायची. ते पुसायचे, तेलाचे थेंब सोडायचे, आणि रिकामं पिस्तूल कानाशी धरून चाप ओढून बघायचे. घोडा पडायचा. कट्.

“पुन्हा हलली तू,” बाबा म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे मला कळलं नाही म्हणून मी वळून पाहिलं. ते पिस्तुलाकडे पाहत नव्हते. माझ्या पायाकडे पाहत होते.

बाबा परतवाड्यात एका हायस्कुलात पी.टी. शिकवायचे. पण अमरावती जिल्ह्यात त्यांची खरी ओळख स्टार्टर म्हणून. कुठल्याही मैदानावर शर्यत असली की रेषेजवळ पांढरी टोपी घालून, एक हात आभाळात नेऊन उभा असलेला उंच माणूस म्हणजे निंभोरकर सर. पिस्तूल त्यांचं स्वतःचं होतं. माझा जन्म व्हायच्या आधी त्यांनी ते नागपूरच्या एका निवृत्त स्टार्टरकडून घेतलं होतं. त्यातून शिसं सुटत नसे. कोरं काडतूस, नुसता आवाज आणि धुराचा पुंजका. तरी सगळे त्याला गोळीच म्हणायचे.

आणि मी त्यांची मुलगी, कुंदा. तेव्हा अकरावीत होते. शंभर मीटर धावायची आणि दोन वर्षं जिल्ह्यात पहिली आले होते. माझ्याहून लांब ढांगेच्या मुली होत्या, माझ्याहून दमदार मुली होत्या. पण सुरुवात माझ्यासारखी कोणाचीच नव्हती. बाकीच्या उठेस्तोवर मी दोन पावलं पुढे गेलेली असायची, आणि ती दोन पावलं कोणालाच भरून काढता यायची नाहीत. मैदानावरचे मास्तर हसून म्हणायचे, “निंभोरकरांची पोरगी पिस्तुलातूनच सुटते.” ते ऐकायला मला फार आवडायचं. बाकी काही असो नसो, सुरुवात माझी होती.

“सूप ठेव बाजूला,” बाबा म्हणाले. “त्या पेरूखाली जाऊन सेट घे.”

“आता? परकरात?”

“खोच तो.”

मी परकर खोचला, पेरूखाली मातीत बोटं टेकवली. मागे बाबांचा आवाज आला, “ऑन युवर मार्क.” मग, “सेट.” मी कंबर उचलली. कट्. मी उडाले, आणि वाळत घातलेल्या चादरीत जाऊन गुरफटले.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडली, “अहो, धुतलेली आहे ती!”

बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. “पुन्हा,” ते म्हणाले.

पुन्हा झालं. मग ते ओट्यावरून उतरून विहिरीपाशी गेले, तिथून एकदा झालं. मग त्यांनी पिस्तूल ठेवलं आणि सरपणातल्या दोन फळ्या उचलल्या. “आता फळ्यांवर.” सेट म्हटल्यावर त्यांनी फळ्या एकमेकींवर आपटल्या. मी निघाले. तीनचारदा त्यांनी मला फळ्यांवर पळवलं, मग पुन्हा पिस्तुलावर. मला वाटलं, स्पर्धा जवळ आलीय म्हणून सराव घेताहेत. मला गंमतच वाटत होती.

“कशी होती?” मी धापा टाकत विचारलं.

बाबा फळ्या परत सरपणात रचत होते. एकावर एक, नीट, जणू त्या आडव्यातिडव्या राहिल्या तर काही बिघडणार होतं.

“तांदूळ निवड,” ते म्हणाले. “आईला भात लावायचा असेल.”

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बाबा आधीच घरी होते, आणि पिस्तूल उघडं पडलं होतं. म्हणजे खरोखर उघडं. बाजूचा पत्रा काढलेला, आतली स्प्रिंग, खाचा असलेले लोखंडाचे लहान लहान तुकडे, सगळं आईच्या पोह्यांच्या ताटलीत मांडलेलं. मी दारातच थबकले. हत्याराला तेलाखेरीज काही लावायचं नाही, उघडायचं तर नाहीच, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

“काय झालं याला?”

“चाप जड झालाय.”

“मग नागपूरला द्या न दुरुस्तीला.”

“वेळ नाही.” त्यांनी चिमट्यात एक तुकडा धरून उजेडात नेला, डोळे बारीक केले, आणि बारीक पॉलिश पेपरवर तो घासायला लागले. इतक्या हळू की घासणं दिसत नव्हतं, फक्त ऐकू यायचं.

मला तिथे बसवेना आणि तिथून जाववेना. बाबांची बोटं मी बघत राहिले. त्यांना जड चाप ओढवत नाही की काय? वय झालं म्हणायचं, तर पन्नाशीही उलटली नव्हती. हात थरथरतोय का? नव्हता थरथरत. मग बाबा स्टार्टरचं काम सोडणार आहेत आणि पिस्तूल कोणाला तरी देणार आहेत, असं माझ्या मनानं घेतलं. एकदा हे डोक्यात शिरलं आणि माझा अभ्यास गेला, झोप गेली. सरावाला मैदानावर गेले तरी मन घरी त्या ताटलीत. बाबांच्या गोळीशिवाय मी कधी जिल्ह्यात धावलेच नव्हते.

आई तर त्या दिवसांत पोळपाट आपटत होती. एकदा मी पाणी भरून आत येत होते तेव्हा तिचा आवाज कानावर पडला.

“आपल्या हातानं करायचं हे?”

“मग कोणाच्या हातानं?” बाबा म्हणाले.

“स्पर्धा होऊन जाऊ द्या. मग करा काय करायचं ते.”

“स्पर्धा होऊन गेल्यावर करून काय उपयोग, सुमन?”

माझी कळशी उंबऱ्याला लागली आणि आई चुलीकडे वळली.

पिस्तूल जुळवायला बाबांना तसा वेळ लागला नाही, पण ते नीट काही होईना. आधी चाप होता तसाच राहिला. मग त्यांनी पुन्हा उघडून पुन्हा घासला, आणि आता तो भलताच हलका झाला. बोट लागायचा अवकाश, घोडा पडे. एकदा तर नुसतं ओट्यावर ठेवलं तेवढ्यात पडला. बाबांनी डोक्याला हात लावला. “जास्त घासलं,” ते स्वतःशीच म्हणाले. मास्तर माणूस, घरी सायकलचं पंक्चर काढायचे, पंख्याला तेल द्यायचे. पण हे लोखंड त्यांच्या ओळखीचं नव्हतं. ते गुजरी बाजारातल्या घड्याळवाल्याकडे गेले, दोनचार स्प्रिंगा घेऊन आले. एक बसवली, दुसरी बसवली, तिसरी कापून बसवली. शेवटी संध्याकाळी उजेड असतानाच मागच्या परसात जाऊन खरं काडतूस भरलं. बघायचं होतं त्यांना.

मी आणि आई दोरीवरचे कपडे काढत होतो. बाबांनी घोडा मागे ओढला, मग बहुतेक विचार बदलला आणि तो अंगठ्यानं हळूच खाली घ्यायला लागले. तेवढ्यात बार उडाला. हात वर गेलेलाच नव्हता. धूर त्यांच्या पोटापाशीच निघाला. पेरूवरचे पोपट कालवा करत उडाले, आणि बाबा डाव्या हातानं उजवा हात घट्ट धरून खाली बसले.

आई हातातले कपडे टाकून धावली. अंगठा आणि बोटाच्या मधली कातडी काळीनिळी होऊन फाटली होती. तिनं कोरफड मोडून गर थापला आणि त्यावर पट्टी गुंडाळली. गुंडाळताना ती रडत होती आणि बोलत होती. “झालं समाधान? अजून घासा. घासा अजून.”

“बाबा, द्या न सोडून,” मी म्हटलं. “जड तर जड. इतकी वर्षं चाललं न?”

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता काहीतरी सांगतील. पण ते म्हणाले, “पाणी आण प्यायला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या हातानं स्क्रूचा पेचकस धरून ते पुन्हा बसले होते.

अमरावतीच्या मैदानावर नेहमीसारखी चुन्याची रेघ, नेहमीसारखी थंडी. बाबांनी पिस्तूल डाव्या हातात धरलं होतं, उजव्याला पट्टी. माझ्या गटात सहा मुली. मी बोटं टेकवली, डोकं खाली घातलं. सेट. आणि मग गोळी सुटली.

मी तिथेच होते.

खरंच सांगते, बाकीच्यांच्या पावलांचा आवाज आधी आला आणि मग माझं अंग उठलं. मी कशीबशी दुसरी आले, अंतिम फेरीत पोचले.  मी स्वतःला समजावलं, बाबांच्या डाव्या हातामुळे झालं असेल. ते उभेही वेगळ्या बाजूला असतील. पण मी डोकं खाली घालून धावते, हात डावा की उजवा हे मला दिसतं कुठे?

अंतिम फेरीच्या आधी मी बाबांपाशी गेले. स्टार्टरशी बोलू नये, पण मला राहवेना.

“बाबा, माझे पाय गेले.”

“पाय आहेत.”

“मग काय झालं?”

आजूबाजूला पंच होते, मास्तर होते. बाबा टोपी सारखी करत म्हणाले, “गोळी ऐक आणि निघ. दुसऱ्या कशाची वाट पाहू नको.”

ते वाक्य मला तेव्हा अजिबात समजलं नाही. उलट रागच आला.

माझ्या शेजारच्या रांगेत फुलवंती कासदेकर होती. मेळघाटातल्या एका आश्रमशाळेची कोरकू मुलगी. मागच्या वर्षी माझ्यामागून दुसरी आली होती. कमी बोलायची. तिच्या तायडे मॅडम रेषेबाहेर उभ्या राहून तिच्यापेक्षा जास्त घाबरलेल्या दिसत होत्या.

सेट म्हटलं. मैदान गप्प झालं. मी वाट पाहिली. कशाची, ते मला माहीत नव्हतं, पण जे यायला हवं होतं ते येईना. आता सुटेल, आता सुटेल, आणि मी निघाले. मागून दोन बार ऐकू आले, परत बोलावण्याचे. मी चुकीची सुटले होते. बाबा चालत माझ्या रांगेपाशी आले आणि सगळ्या जिल्ह्यासमोर त्यांनी मला ताकीद दिली. आवाज परक्या माणसाचा. “रांग क्रमांक चार, एक चूक. पुन्हा झाली तर बाद.”

मी पुन्हा बसले. आता हलायचीही भीती. गोळी सुटली आणि मी सगळ्यांच्या शेवटी उठले.

माझ्या पुढे पाठी होत्या. पाठी मी कधी पाहिल्याच नव्हत्या. वेण्या, खांदे, उडणारी माती. मला रडू आलं आणि रडत रडतच मी धावले. एक मागे पडली, दुसरी मागे पडली, मग तिसरी. जशी रेघ जवळ येत होती तशी मी पुढच्या दोघींच्या जवळ जात होते. पण रेघ आधी आली. मी तिसरी होते. पहिल्या दोघी पुण्याला राज्य स्पर्धेला जाणार होत्या. फुलवंती पहिली.

नळाखाली डोकं धरून मी उभी होते. बाजूला कोणीतरी येऊन थांबलं. फुलवंती.

“तू आज आधी का नाही पळाली?” तिनं विचारलं.

मला वाटलं टोमणा मारतेय. मी डोळे पुसून तिच्याकडे पाहिलं. पण तिचा चेहरा साधा होता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“आधी म्हणजे?”

“गोळीच्या आधी. तू जाते न दरवर्षी? एवढंसं आधी.” तिनं चिमूट दाखवली. “मी तुझा पाय बघते. तुझा पाय उठला की गोळी येते, मग मी पळते. आज तुझा पाय उठलाच नाही. मला गोळी ऐकूनच पळावं लागलं. उशीर झाला मला पण.”

एवढं बोलून ती ओंजळीनं पाणी प्यायली आणि मॅडमनी हाक मारली म्हणून निघून गेली.

एस.टी.त बाबा आणि मी शेजारी बसलो होतो. आसेगाव आलं, गेलं. बाबा खिडकीबाहेरची संत्र्यांची झाडं बघत होते. माझ्या डोक्यात सगळं भिंगरीसारखं फिरत होतं. पाटावर बसलेली मी. उजवा पाय. फळ्या. पॉलिश पेपर. ‘दुसऱ्या कशाची वाट पाहू नको.’

घरी पोचल्यावर चपलाही न काढता मी विचारलं, “बाबा, मी गोळीच्या आधी निघत होते?”

आई आतून आली. तिनं आमच्या दोघांच्या चेहऱ्यांवरूनच निकाल ओळखला.

बाबा ओट्यावर बसले. त्यांनी टोपी काढली. “आधी नाही. गोळीबरोबर. बाकीच्या गोळीनंतर निघतात.”

“कसं काय?”

“चाप ओढला की आत, तेल पोचत नाही तिथे, लोखंड लोखंडावर घासायचं. एवढीशी कुरकूर, आणि मग घोडा पडायचा. मला इतकी वर्षं हातात धरून ती कळली नाही. मी तेल घालत बसायचो तेव्हा तू रांगत यायची, तेव्हापासून तुझ्या कानात ती बसलीय. तुलाही माहीत नाही. पण तुझा पाय कुरकुरीला उठतो. तांदूळ निवडतानाही उठतो. फळ्यांवर तू इतर मुलींसारखीच निघते.”

“म्हणजे मी चोरी करत होते?”

“नाही!” हे आई म्हणाली, मोठ्यानं. “मी यांना हेच सांगून राहिली होती. तिचा कान तिखट आहे, त्यात कोणाचं काय गेलं? कोणाचे पाय लांब असतात, ते कापता का तुम्ही?”

“कान तिचा आहे,” बाबा म्हणाले. “पिस्तूल माझं आहे. माझ्या पिस्तुलानं एकीला आधी सांगायचं आणि पाचजणींना नंतर, हे मला कळल्यावर मी ते वर कसं धरू?”

“कळलं नसतं तर?”

“तर धरलं असतं. पण कळलं.”

 “मला का नाही सांगितलं? मी वेड्यासारखी तिथे बसून राहिली. सगळे बघत होते.”

बाबांनी पट्टीची सुटलेली दशी ओढली.

“काय सांगायचं, कुंदा? ऐकू नको म्हणून? कानाला काय पापणी असते? पिस्तूल गप्प करणंच हाती होतं.” मग म्हणाले, “आणि खरं सांगू? धीर नाही झाला. तुझी सुरुवात तुझी नव्हती, हे तुला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?”

मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर मी बाबांशी बोलणं सोडलं. जेवायला त्यांच्या आधी बसायची किंवा नंतर. दोन वर्षांची पदकं खिळ्यावर होती, ती मी काढून ट्रंकेत टाकली. आईनं ती पुन्हा खिळ्यावर लावली. मी पुन्हा काढली. आईनं पुन्हा लावली. आमच्या घरात त्या आठवड्यात एवढंच बोलणं झालं म्हणा.

फुलवंतीला पुण्याला जायच्या आधी सराव हवा होता, आणि मेळघाटात मैदान नव्हतं. तायडे मॅडमनी तिला परतवाड्याच्या मुलींच्या वसतिगृहात आणून ठेवलं आणि बाबांना विनंती केली. बाबा रोज सकाळी तिला आमच्या शाळेच्या मैदानावर पळवू लागले. त्यांनी मला चल म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी गेले नसते. म्हटलं नाही, याचाही राग आला.

एका सकाळी बाबा डबा विसरून गेले. आईनं तो माझ्या हातात ठेवला. “मी नाही जाणार,” मी म्हटलं.

“मग उपाशी राहू दे त्यांना,” आई म्हणाली आणि वळून भाजी चिरायला लागली.

मी गेले. कुंपणाशी डबा ठेवून परत फिरायचं, असं ठरवून गेले. बाबा रेषेजवळ होते, फुलवंती बसलेली. मैदानावर तिसरं कोणी नव्हतं. सेट. तिनं कंबर उचलली, आणि मी पाहिलं, तिची मान हळूच डावीकडे वळली. शेजारच्या रांगेकडे. तिथे कोणीच नव्हतं. गोळी सुटली, ती दचकली, मग निघाली. परत आली. पुन्हा बसली. पुन्हा मान डावीकडे. रिकाम्या रांगेत ती माझा पाय शोधत होती.

तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून गेलंच, “अगं, बाजूला नको बघू!”

दोघांनी वळून पाहिलं. फुलवंती हसली. “मग कुठे बघू?”

“कुठेच नाही. जमीन बघ.” मी कुंपणातून आत शिरले होते, कधी ते मलाच कळलं नाही. “कोणी नाही येणार तुला सांगायला. गोळी आली की जायचं, बस्स.”

“गोळी आली की मी घाबरते.”

“मी पण घाबरते आता,” मी म्हटलं. ते खरं होतं.

बाबा माझ्याकडे आले. पिस्तूल उघडून त्यांनी नवं काडतूस घातलं आणि माझ्यापुढे धरलं, नळी जमिनीकडे. “तू वाजव. माझा हात दुखतो.”

पट्टी केव्हाच निघाली होती. तरी मी पिस्तूल घेतलं. भरलेलं पिस्तूल मी त्याआधी कधी हातात धरलं नव्हतं.

पुढचं सांगायचं तर, फुलवंती पुण्यात अंतिम फेरीपर्यंत गेली आणि पाचवी आली. नंतर ती वनखात्यात लागली, आजही मेळघाटातच आहे. पुढच्या वर्षी मी शंभर सोडून चारशे मीटर धरलं, कारण पाठी बघत धावायला मला जमतं हे त्या दिवशी कळलं होतं. दोनदा राज्य स्पर्धेपर्यंत पोचले, पदक नाही मिळालं. बाबा निवृत्त होईपर्यंत स्टार्टर राहिले. आता ते नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं की मला ती सकाळ आठवते.

मी हात वर केला. “ऑन युवर मार्क,” म्हटलं. आवाज चिरकला. फुलवंतीनं बोटं टेकवली. “सेट.” तिची कंबर वर आली.

बोट चापावर होतं. चाप इतका गप्प होता की आत काही आहे असं वाटतच नव्हतं. मी ओढला तर आत्ता सुटेल, नाही ओढला तर ती तशीच वाकून राहील, बोटांवर सगळं अंग पेलत. माझ्या जागी पुण्याला जाणारी मुलगी. मला थोडा वेळ तसंच थांबावंसं वाटलं, हेही सांगते. तिचे खांदे थरथरायला लागेपर्यंत. तिच्याकडे बघितलं तर ती जमिनीकडे बघत होती. मी सांगितलं होतं म्हणून. मान जराही वळली नाही.

तिचे खांदे स्थिर झाले. मी चाप ओढला.

कुठलीही कुरकूर नाही. थेट बार. माझ्याच कानठळ्या बसल्या, मीच दचकले. धुरातून पाहिलं तर फुलवंती गेलेली होती. कोणाकडेही न बघता, एकटी, सरळ रेषेत, वेणी मागे उडवत. पार टोकाच्या कडुनिंबापर्यंत ती थांबलीच नाही.

मी बघत राहिले. खांद्यावर बाबांचा हात आला.

“हात खाली घे आता,” ते म्हणाले. “ती पोचली.”